देशमुखी ही जात नव्हे, जहागीरही नव्हे

जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडे कुणाचे आडनाव देशमुख निघाले की जातीचा अंदाज लगेच बांधला जातो. तो फसवा आहे. परगण्याचा प्रमुख देशमुख, तिथला हिशेब ठेवणारा देशपांडे. गावात तीच जोडी पाटील-कुलकर्ण्यांची. ही हुद्द्यांची नावे. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. उलट जांब गावचे, म्हणजे आजच्या जांबसमर्थचे, कुलकर्णीपद सूर्याजीपंतांकडे होते आणि आडनाव मात्र ठोसर. याच घरात 1608 मध्ये समर्थ रामदास जन्मले.

देशमुखी हे वतन. पण वतन म्हणजे राजाने खूश होऊन दिलेली जहागीर, हा समज जास्त घट्ट रुजला आहे. जहागीर चाकरीच्या मोबदल्यात मिळे, बदले, काढूनही घेतली जाई. वतन पिढीजात, ते भावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा परतले आणि 1629 मध्ये दौलताबादेत मारले गेले. धनी बदलत गेले, देशमुखी घराण्यात राहिली. अशा मुळे धरलेल्या माणसांपासून सावध राहण्याचा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, तो उगाच नव्हे.

वतन म्हणजे मान आणि आराम, असेही नाही. महारांनाही वतन होते: सरकारी कामाला रात्रंदिवस हजर राहायचे आणि पदरात तुटपुंजे बलुते. हा अन्याय मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाच्या इतिहासात हे पान सर्वांत आधी वाचायला हवे.

पिढीजात पदे ही फक्त आपल्याकडची मागास रीत, हेही खरे नाही. रोममध्ये पोपच्या सिंहासनाशेजारी उभे राहण्याचा मान कोलोना आणि ओर्सिनी या घराण्यांकडे शतकानुशतके होता. दरबारातली वंशपरंपरागत पदे पोप सहावे पॉल यांनी रद्द केली ती थेट 1968 मध्ये.

निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या जालन्यात पिढीजात पदांची सत्ता काढून घेणे त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1860 च्या दशकात जिल्हे आखून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. देशमुख-देशपांड्यांना उरला तो रोख रुसूम, म्हणजे हक्काची ठरावीक रक्कम. 1949 मध्ये हैदराबादेतल्या जहागिऱ्याही गेल्या. आजचा पोलीस पाटील 1967 च्या कायद्याने नेमला जातो. वडील पाटील होते म्हणून मुलाला त्या पदावर हक्क सांगता येत नाही.