बँकेने कापलेले पैसे परत मिळतात का?

२०२४च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम, म्हणजे ३,००० रुपये, महिलांच्या खात्यांत जमा झाले. अनेकींनी पैसे काढायला बँक गाठली, तर खात्यात त्याहून कमी रक्कम निघाली. मिनिमम बॅलन्स ठेवला नव्हता म्हणून थकलेला चार्ज बँकेने आल्या पैशांतून वळता करून घेतला होता. ओरड झाली आणि राज्य सरकारने बँकांना सांगितले, या पैशांना हात लावू नका. या गोंधळात दोन टोकांचे समज कानावर आले. एक म्हणजे बँकेने कापले ते गेलेच. दुसरा असा, की अडचणीतल्या माणसाचे पैसे बँकेला कापताच येत नाहीत.

दुसरा समज आधी घेऊ, कारण त्यात भाबडेपणा जास्त आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आले, दुकान बसले म्हणून चार्ज परत केलाच पाहिजे, असा सरसकट नियम भारतात नाही. शाखाधिकाऱ्याला भेटून अडचण सांगितली तर एखाद-दुसरा चार्ज माफ होतो, पण ती मर्जी झाली. हक्काने मागायचे तर बँकेने रिझर्व्ह बँकेचा कोणता नियम मोडला हे दाखवावे लागते. आणि नियम कमी नाहीत.

मिनिमम बॅलन्सचेच पाहा. एप्रिल २०१५पासून लागू असलेल्या नियमांनुसार बॅलन्स कमी पडला की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि भरणा करायला महिनाभर द्यायचा. त्यानंतरही तूट राहिली तरच दंड, आणि तोही तुटीच्या ठरावीक टक्क्यांत. ५,००० ठेवायचे होते आणि ४,८०० राहिले, तर दंड त्या २०० रुपयांच्या हिशेबाने. खाते पूर्ण रिकामे असलेल्याइतकाच दंड त्याला लावता येत नाही. केवळ या दंडापायी खाते वजा रकमेत नेता येत नाही. शिवाय दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहारच केला नाही आणि खाते निष्क्रिय झाले, तर अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावायला मनाई आहे. गावाकडच्या शाखेत विसरून राहिलेल्या खात्यांना नेमका हाच नियम लागू पडतो आणि तिथेच तो सहसा कोणी विचारत नाही.

सरकारी बँकांनी पाच वर्षांत या एका दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये जमवल्याची माहिती २०२४मध्ये संसदेत देण्यात आली. स्टेट बँकेने तर २०२०मध्येच हा दंड बंद केला होता. म्हणजे हा आकडा बराचसा इतरांचा. २०२५मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही तो काढून टाकला. ज्यांना बॅलन्स राखणे जमतच नाही त्यांनी साधे बचत खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. त्याला किमान रकमेची अटच नसते. जनधन खाते याच प्रकारातले.

मूलभूत खात्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यातून महिन्याला चारदा पैसे काढणे फुकट असते. स्टेट बँकेने चारच्या पुढच्या यूपीआय आणि रुपे व्यवहारांवरही १७ रुपये ७० पैसे कापले: १५ रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चहाच्या टपरीवर दहा रुपये यूपीआयने दिले तरी १७.७०! आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी ही आकारणी उजेडात आणली. ऑगस्ट २०२०मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना असे शुल्क परत करायला सांगितले आणि जानेवारी २०२०नंतर कापलेले पैसे खात्यांत परत आले. त्याआधीच्या वर्षांतली मोठी रक्कम मात्र अडकून राहिल्याचे दास यांनी पुढे दाखवून दिले. तेव्हा ‘कापले ते गेलेच’ हेही खरे नाही.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा आहे. तो आला कुठून? ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये तसा निकाल दिला होता. पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आज केवळ दर चढा आहे एवढ्यावर व्याज परत मिळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, ही आकडेमोड कार्ड वापरण्याआधीच केलेली बरी.

मिळू शकते ते वेगळेच. जुलै २०२२पासूनच्या नियमांनुसार बिल भरण्याची मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच लेट फी लावता येते. मुदत १० तारखेची असेल आणि पैसे १३ला भरले, तर लेट फी नाही. (व्याजाचा मीटर वेगळा, तो या सवलतीत येत नाही.) लेट फी मूळ बिलावर नाही, तर मुदतीनंतर राहिलेल्या बाकीवर काढायची. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचे नाही. न मागता कार्ड गळ्यात मारून बिल पाठवले, तर बँकेने ते रद्द करायचे आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कर्जाच्या हप्त्यांचेही असेच: २०२४पासून दंडाची रक्कम वेगळी दाखवावी लागते, तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

मागायचे कसे? काउंटरवर हुज्जत घालून नव्हे. ‘अमुक तारखेची एंट्री, इतके रुपये, आधी सूचना मिळाली नाही’ असे लेखी द्यावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वेळ न घालवता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही. वकील लागेल हा समज तर उलटाच आहे: वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल घेत नाही. तक्रार केल्याने सिबिल बिघडत नाही. पण तक्रार चालू आहे म्हणून उरलेले बिलही थांबवले तर नक्की बिघडते. पतसंस्थेच्या खातेदारांना मात्र हा दरवाजा बंद आहे, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात; त्यांनी निबंधकाकडे जावे.

लोकपालाकडे तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते आणि ती कशी करायची याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. फोन लावण्याआधी पासबुक भरून घ्या आणि ज्या एंट्रीचा अर्थ लागत नाही तिच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.