नितळ पाणी

पाणी नितळ दिसले आणि चवीला गोड लागले, की माणूस ते निःशंकपणे पितो. लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावर एक विहीर होती व तिच्यावर हातपंप बसविलेला होता. त्या पंपाच्या पाण्याची अशीच ख्याती होती. दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक विधवा तर ते मुद्दाम मागवून घेत असे.

इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस त्या रस्त्याच्या आसपास पटकीची साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असा त्या काळी बहुतेक डॉक्टरांचा समज होता. जॉन स्नो या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय आला. त्यांनी पंपाचे पाणी तपासले. पण खात्री पटावी असे त्यात काही दिसेना. तेव्हा ते मृतांच्या घरोघरी गेले आणि पाणी कोठून आणले जाई, याची चौकशी करू लागले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले. जवळच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार तेवढे बचावले होते. ते पंपाचे पाणी पीतच नसत. हॅम्पस्टेडची ती विधवा मात्र पटकीने वारली होती! ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, हेही खरे. परंतु पुढे विहिरीशेजारचे शौचकूप उकरले, तेव्हा त्यातील मैला विहिरीत झिरपत असल्याचे आढळून आले.

रोगजंतू असे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पाण्याची परीक्षा करावी लागते. प्रत्येक रोगाचा जंतू शोधीत बसणे अवघड. त्याऐवजी प्रयोगशाळेत माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा जंतू शोधतात. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. आढळला, तर पाण्यात मैला मिसळला आहे असे समजावे.

या परीक्षेस सुमारे एक दिवस लागतो. तोवर गाव तहानलेले कसे राहील? शिवाय सकाळी शुद्ध असलेले पाणी, नळ फुटल्यास, सायंकाळी दूषित होऊ शकते. म्हणून पाण्यात क्लोरिन मिसळतात आणि शेवटच्या घरच्या नळाचे पाणी नळीत घेऊन त्यात एका रसायनाचे थेंब टाकतात. पाणी पिवळसर झाले, तर क्लोरिन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर वाटेत कोठेतरी घाण शिरून तो खर्ची पडला असण्याचा संभव असतो; मग तो नळ कोठे फुटला आहे, हे त्याच दिवशी शोधावे लागते.