अवधाण जिरते तेव्हा

पायाला काटा लागून जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण येते. घरातले जाणते माणूस गाठ चाचपते आणि लगेच पायाची बोटे तपासायला घेते. जखम एका जागी आणि गाठ दुसऱ्याच जागी, हे नाते आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. जखम भरते, मग काही दिवसांत गाठही जिरते. ती का येते हे शाळेत शिकवतात: ती लसीका ग्रंथी असते आणि जंतूंशी झुंजायला तिच्यात पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. ती जिरते का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. मारायला सज्ज झालेल्या एवढ्या पेशींना वेळेवर थांबवले नाही, तर त्या आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, हृदयावर चालून जातात.

थांबवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. त्यांतली एक ज्या जनुकातून येते त्याचे नाव पीडीसीडी१. माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या अगदी टोकाशी तो बसलेला आहे. त्याच्यावरून जे प्रथिन बनते त्याला पीडी-१ म्हणतात. २८८ अमिनो आम्लांचे हे प्रथिन आकाराने बेताचेच. पेशीच्या आवरणात ते रोवलेले असते, डोके बाहेर आणि शेपटी आत. बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या अशा प्रथिनाला ग्राही म्हणतात.

पीडी म्हणजे ‘प्रोग्रॅम्ड डेथ’. हे नाव चुकून पडले. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हे पेशी आपणहून मरताना कोणते जनुक जागे होतात याचा शोध घेत होते. त्यांना उंदराच्या मरू घातलेल्या पेशींमध्ये हा जनुक सापडला. १९९२ साली तो प्रसिद्ध झाला तो हेच नाव घेऊन. पण त्याच्यामुळे पेशी मरतात असे काही सिद्ध होईना. मग तो करतो तरी काय, हे कळायला सात वर्षे लागली. १९९९ साली याच प्रयोगशाळेने हा जनुक काढून टाकलेले उंदीर कसे वागतात ते मांडले. हे उंदीर धडधाकट जन्मले, पण वय वाढले तसे त्यांचे सांधे सुजले, मूत्रपिंडांना दाह झाला. २००१ साली उंदरांच्या दुसऱ्या एका वाणात तोच जनुक काढला, तेव्हा सांधे राहिले बाजूला आणि हृदयच फुगून निकामी होऊ लागले. ‘मृत्यू’ हे नाव मिळालेला जनुक खरे तर शरीराचा ब्रेक होता. ब्रेक काढल्यावर गाडी कुठे जाऊन आदळेल, हे मात्र त्या उंदराच्या बाकीच्या जनुकांवर ठरत होते.

पीडीसीडी१ आपल्या यकृताच्या पेशीत आहे, कातडीच्या पेशीत आहे, मेंदूच्या पेशीतही आहे, कारण गुणसूत्रे सगळीकडे तीच. पण तिथे तो मिटलेल्या पोथीसारखा पडून असतो. टी-पेशी ही लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचीच एक जात. जी टी-पेशी रक्तात नुसती फिरते आहे, जिला अजून तिचा शत्रू भेटलेला नाही, तिच्या अंगावरही पीडी-१ जवळजवळ नसतो. तिला तिचा जंतू भेटला की जनुकाच्या सुरुवातीला बसलेली मिथाइल नावाची रासायनिक कुलुपे निघतात, जनुक वाचला जातो आणि पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ उगवू लागतो. म्हणजे लढाईला निघतानाच ही पेशी स्वतःचा लगामही अंगावर चढवते. जंतू हटले की कुलुपे पुन्हा लागतात. जंतू ठाण मांडून बसले तर मात्र ती लागत नाहीत. लगाम कायमचा आवळलेला राहतो.

आणि पीडी-१ सर्वांत दाट कुठे असतो? लसीका ग्रंथींच्या आणि टॉन्सिलच्या आतल्या त्या केंद्रांत, जिथे एका खास जातीच्या टी-पेशी बी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना अधिकाधिक अचूक प्रतिपिंडे बनवायला मदत करतात. थोडक्यात, आपल्या अवधाणाच्या पोटात.

लगाम आहे, पण तो ओढणारा हात हवा. तो हात म्हणजे पीडी-एल१ नावाचे दुसरे प्रथिन. त्याचा जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचा मुलूख फार मोठा आहे. जंतूंचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींवर ते असते. वारेचा जो पृष्ठभाग आईच्या रक्तात बुडालेला असतो, तिथे ते भरपूर असते. अर्धी गुणसूत्रे बापाची घेऊन आलेले बाळ आईच्या शरीराला परके असूनही नऊ महिने सुखरूप राहते, त्यात या प्रथिनाचाही हात आहे. इतर कितीतरी ऊती ते गरजेपुरते बनवतात. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडतात आणि त्याचा वास लागताच आजूबाजूच्या पेशी पीडी-एल१ पुढे करतात. हल्लेखोराची आरोळीच समोरच्याला ‘पुरे’ म्हणायला शिकवते. या रचनेचे मला पुन्हा पुन्हा अप्रूप वाटते. पीडी-एल१ येऊन भिडले की पीडी-१च्या आतल्या शेपटीला एक विकर चिकटते आणि टी-पेशीला पेटवणारे संदेश विझवत जाते.

हीच युक्ती कर्करोगाच्या गाठीही वापरतात. गाठीत शिरलेल्या टी-पेशी शत्रूला ओळखतात, इंटरफेरॉन सोडतात आणि त्याच इंटरफेरॉनमुळे गाठ पीडी-एल१ने मढून जाते. हॉजकिन्स लिम्फोमात तर नवव्या गुणसूत्राचा तो तुकडाच अनेकदा जादा प्रतींत आढळतो. २००६ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट विषाणूने ग्रासलेल्या उंदरांवर एक मोलाचा प्रयोग केला. त्या उंदरांच्या टी-पेशी शाबूत होत्या, पण थकून हातपाय गाळून बसलेल्या होत्या. पीडी-१ आणि पीडी-एल१ची गाठभेट अडवली, तेव्हा त्या पुन्हा कामाला लागल्या. २०१४ साली पीडी-१वर बसून त्याला झाकणारी दोन प्रतिपिंडे, निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब, औषधे म्हणून मान्य झाली. २०१८ चे नोबेल होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळाले. अ‍ॅलिसन यांचे काम सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवरचे.

लगाम सैल केला की काय होते, ते उंदरांनी आधीच दाखवले होते. ही औषधे घेणाऱ्या काहींना थायरॉइडचा दाह होतो, काहींना आतड्याचा, फुप्फुसाचा, क्वचित हृदयाच्या स्नायूचा. जिथे जिथे पीडी-एल१ शांतता राखत होते, तिथे तिथे ठिणगी पडू शकते. २०२१ साली एका मुलाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याच्यात जन्मतःच पीडी-१ नव्हता. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, सगळे लहानपणीच मागे लागले होते. एवढे अपेक्षितच. पण त्याला क्षयही झाला. ब्रेक नसलेल्या पेशींनी क्षयाच्या जंतूला सहज संपवायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमाच पुरेसा बनवत नव्हत्या. पीडी-१ नसलेले उंदीरही क्षयाने लवकर दगावतात. क्षयाला आवर घालायला जोराइतकाच तोलही लागतो, असे या दोन्हींतून दिसते. औषधोपचारांनी त्या मुलाचा क्षय आटोक्यात आला, पण पुढे फुप्फुसाच्या दाहाने तो गेला. अकरा वर्षांचा होता.

आता ही गोष्ट मुंबईत, परळला येते. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिशरी यांच्यामुळे तोंडाचे कर्करोग उदंड आणि ही नवी औषधे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. इथे ग्राहीचा पत्ता कामी आला. औषधाला गाठीतल्या प्रत्येक पेशीपर्यंत पोचायचे नसते. त्याला बसायचे असते फक्त पीडी-१वर, आणि पीडी-१ असतो पेटलेल्या टी-पेशींसारख्या मोजक्याच पेशींवर. अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते की मात्रा थोडी दिली काय किंवा कित्येक पटींनी वाढवली काय, रक्तातल्या टी-पेशींवरचे पीडी-१ जवळपास सारखेच व्यापले जातात आणि दोन महिने वा अधिक काळ तसेच राहतात. जागा भरल्यावर जादा औषध बसणार कुठे?

टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. डोके व मान यांचा कर्करोग बळावलेल्या, बरे होण्याची आशा मावळलेल्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली. एका गटाला त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर तिकडे ७२० आणि इकडे ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. पूर्ण मात्रेशी ही तुलना नव्हती, हे इथे नोंदवायलाच हवे. पण वर्षअखेर नुसत्या गोळ्यांवरच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि थोडेसे निव्होलुमॅब मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.