रोग्यांनीं सुचविलेलें रुग्णालय

औषध उत्तम, वैद्य निष्णात, आणि तरीहि रोगी दाराशीं फिरकत नाहीं, असें कां व्हावें? गडचिरोली जिल्ह्यांत १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणारे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांस हा प्रश्न पडला. त्यांनीं तर्क लढविण्याऐवजीं गोंड लोकांसच विचारिलें. उत्तर मोठें मार्मिक मिळालें. डॉक्टर व परिचारिका पांढरीं वस्त्रें घालतात, आणि आम्ही तर प्रेत पांढऱ्या वस्त्रांत गुंडाळतों. तेथें जीव वांचेल कसा? भव्य इमारतींत आम्ही भांबावतों. शिवाय आप्तांस रोग्याजवळ राहूं देत नाहींत.

हें शेवटचें गाऱ्हाणें केवळ अरण्यांतलें नव्हे. विद्यार्थीमित्रहो, शहरांतहि भेटीची वेळ सरली कीं आजारी आजीच्या खाटेपासून नातवंडांस उठावें लागतें. तो नियम कोणाच्या सोयीचा?

शोधग्राम येथें मग रुग्णालय उभें राहिलें तें आदिवासी गांवाच्या धर्तीवर. मोठ्या इमारतीऐवजीं झोपड्या, आणि त्यांत आप्तांसहि रोग्याबरोबर राहण्याची मुभा. नांवहि दिलें तें त्यांच्याच देवीचें, माँ दंतेश्वरी. तेथें देवीची जत्रा भरते. गांवोगांवचे लोक जमतात आणि कोणत्या दुखण्यानें आपण गांजलों आहों, तें डॉक्टरांस सांगतात.