मरळीचा श्वास

मरळीला जाळ्यात अडकवून पाण्याखालीच ठेवलं, तर ती गुदमरून मरते. मोठ्या मरळीला नुसते कल्ले पुरत नाहीत. अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घ्यावीच लागते. बसंतकुमार दास यांनी भारतातल्या अशा हवा घेणाऱ्या माशांवरचा प्रदीर्घ निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपली मरळीशी ओळख मात्र बहुधा बाजारापुरतीच असते. काटे कमी, मांस घट्ट, भाव चढा, आणि पाण्याबाहेर काढूनही कितीतरी वेळ जिवंत.

ती जिवंत राहते याचं कारण तिच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तिच्या अस्तराला घड्या असतात आणि त्यांत केशवाहिन्यांचं दाट जाळं. मरळ वर येते तेव्हा आधी जुनी हवा बाहेर पडते. कल्ल्यांकडचं पाणी उलट्या दिशेने पोकळीत शिरतं, वापरलेली हवा तोंडावाटे बाहेर ढकलतं, आणि मग मरळ ताजी हवा घेते. सगळं क्षणात उरकतं. या कुळातल्या ज्या जातींचं रक्ताभिसरण बारकाईने तपासलं गेलं, त्यांत हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचे दोन फाटे आढळले. पुढच्या दोन कल्ला-कमानींकडे जाणारा फाटा हवेच्या पोकळीला रक्त पुरवतो, तर मागच्या दोन कमानींकडे जाणारा बाकीच्या शरीराला. पोकळीतलं प्राणवायूयुक्त रक्त पुन्हा हृदयातच येतं, तरी ते अशुद्ध रक्तात पुरतं मिसळून जात नाही. एकाच हृदयाकडून मरळ हे काम करून घेते, याचं मला फार नवल वाटतं.

केरळात भूजलात राहणारा, विहिरीतून किंवा पुराच्या पाण्याबरोबर क्वचित वर येणारा एक मासा २०१९ मध्ये मरळीच्याच कुळातला म्हणून नोंदला गेला. पण त्याच्यात ही पोकळीच नव्हती! २०२० मध्ये संशोधकांनी त्याचं कुळ वेगळं केलं.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत, बोड्यांत, भातखाचरांत मरळीचा हा श्वास कामी येतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, पाला कुजतो, प्राणवायू घटतो आणि रोहू-कटला तडफडू लागतात. मरळ वर येऊन हवा घेते आणि पुन्हा गवतात दबा धरते. पाणी आटलंच, तर गाळात शिरते आणि अंग ओलं आहे तोवर तग धरते. लांबट अंग, सापासारखं चपटं डोकं, मोठा जबडा. बेडूक, कोळंबी, लहान मासे, जे टप्प्यात येईल त्यावर तिची झडप पडते.

हाच मारेकरी मासा पिल्लांसाठी मात्र जिवाची पर्वा करत नाही. पावसाळ्यात जोडी पाणवनस्पती सारून थोडी जागा मोकळी करते. अंड्यात तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ती तरंगतात. उबदार पाण्यात दीडेक दिवसात फुटतात. नारिंगी-लालसर पिल्लांचा घोळका पृष्ठभागाशी वळवळत राहतो आणि खाली आईबाप पहारा देतात. (सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या मरळीच्या एका लहान भाईबंदात नर अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळतो.)

पण पिल्लांचा तो रंग पालकांचा ठावठिकाणा सांगून टाकतो. घोळका दिसला की जवळच बेडूक लावलेला गळ टाकतात. भूक नसली तरी पहारेकरी मरळ त्यावर तुटून पडते, आणि अडकते. राखण गेली की ती पिल्लं इतर माशांच्या, पाखरांच्या तोंडी जातात. एका मरळीच्या कालवणापायी सगळी वीण संपते. ही मासेमारी मला अक्षम्य वाटते.

मत्स्यबीज आणून सोडू म्हणावं, तर ते रोहू-कटल्याइतकं सोपं नाही. मरळीची पिल्लं थोडी लहानमोठी झाली की मोठी लहानांना गिळतात. सतत आकारानुसार निवडून वेगळी ठेवावी लागतात, शिवाय जिवंत खाद्याची सवय मोडून त्यांना तयार खाद्यावर आणावं लागतं. म्हणून तलावात जन्मलेली मरळ तिथेच राखणं स्वस्तात पडतं. त्यासाठी तलावाचा ठेका घेणाऱ्या संस्थांनी करारातच एक अट घालून घ्यावी: लाल घोळका दिसेल तिथे गळ आणि जाळं, दोन्ही बंद.