म्हैसूरचा दसरा : अंबारीमागची माणसं

२०२३ च्या ऑक्टोबरात मी म्हैसूरला होते. परभणीत अन्नतंत्रज्ञान शिकत होते आणि इंटर्नशिपसाठी सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, मिळाली होती. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी पावडर करण्याचं तंत्र पन्नासच्या दशकात इथंच विकसित झालं. संस्थेचं मुख्य कार्यालय चेलुवांबा या राजकन्येसाठी बांधलेल्या महालात आहे, त्यामुळे आम्ही इंटर्न मंडळी दुपारचा डबा राजेशाही हिरवळीवर खायचो. नवरात्र १५ ऑक्टोबरला बसलं, दसरा २४ ला. त्यातला शेवटचा आठवडा प्रयोगशाळेत कमी आणि गावात जास्त गेला. सोबत हासनची एक मैत्रीण, जिच्या कन्नडवर आमचा सगळा व्यवहार चालायचा, आणि जोरहाटचा एक मुलगा, ज्याला हत्तींची जाण आमच्याहून बरीच जास्त होती.

म्हैसूरला दसरे दोन असतात, हे पहिल्यांदा लक्षात आलं. एक सरकारचा. तो चामुंडी टेकडीवर सुरू होतो. त्या वर्षी संगीतकार हंसलेखा यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मग कुस्त्या, फुलांचं प्रदर्शन, आहारमेळा, युवा दसऱ्याचा दणदणाट आणि शेवटी मिरवणूक. दुसरा दसरा राजवाड्याच्या आत, वडियार घराण्याचा. तिथं यदुवीर वडियार सिंहासनावर बसून खासगी दरबार भरवतात. हे सोन्याचं सिंहासन एरवी सुटं करून तिजोरीत ठेवलेलं असतं. नवरात्राआधी त्याचे भाग बाहेर काढून जोडतात आणि ते जोडायला गेज्जगळ्ळी गावची माणसं येतात. सिंहासन राजाचं, पण ते उभं करायची विद्या गावकऱ्यांकडे. हे ऐकल्यापासून मी राजवाड्याचे दिवे बघायचं कमी केलं आणि कोणतं काम कोणाकडे आहे ते विचारत फिरू लागले.

त्यात सगळ्यात जास्त सकाळी हत्तींनी खाल्ल्या. दसऱ्याचे हत्ती जंगलातल्या तळांवरून महिना-दोन महिने आधीच येतात आणि राजवाड्याच्या आवारात मुक्काम ठोकतात. माहूत, त्यांचे मदतनीस कावाडी आणि दोघांची बायकापोरं, असा सगळा संसार तंबूंत. पोरांची शाळा बुडू नये म्हणून तिथंच शाळा भरते. हत्तींची वजनं चक्क ट्रकच्या वजनकाट्यावर होतात. मग रोज मिरवणुकीच्या रस्त्यावरून चाल. पाठीवर आधी वाळूची पोती, मग लाकडी अंबारी, कारण खरी अंबारी ७५० किलोची आहे. तोफांच्या आवाजाला बुजू नयेत म्हणून त्यांच्यासमोर तोफाही उडवून दाखवतात.

माझं लक्ष अर्थात खाण्याकडे. कावाडी गवताची एक जुडी उलगडायचा, आत भात म्हणजे सालीसकटचं धान, गुळाचा खडा, खोबरं आणि शेंगदाण्याची पेंड ठेवायचा, गवतानंच करकचून बांधायचा आणि पुडकं सोंडेत द्यायचा. कन्नडमध्ये त्याला ‘कुसुरे’ म्हणतात. जोडीला उडीद, गहू आणि भाज्या शिजवून, लोणी घालून केलेले गोळे. मी वहीत ऊर्जा आणि प्रथिनांचं गणित मांडत बसले, तेव्हा मैत्रिणीनं कावाडीला विचारलं की हे प्रमाण कोण ठरवतं. डॉक्टर ठरवतात, तो म्हणाला, पण गूळ कोणाला जास्त लागतो ते आम्हाला माहीत.

संध्याकाळ घरमालकीणबाईंच्या हॉलमध्ये. आम्ही त्यांना अज्जी म्हणायचो. नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्या मांडलेल्या होत्या. पायऱ्या विषम संख्येत, सगळ्यात वर लाकडी राजाराणीची जोडी. ही जोडी लग्नात माहेरून मिळते. अज्जींची सत्तर वर्षांपूर्वीची होती आणि राणीच्या नाकाचा रंग उडाला होता. खालच्या पायरीवर ढेरपोट्या वाणी आणि त्याची बायको, पुढ्यात खऱ्या तांदूळ-डाळीच्या चिमुकल्या राशी. त्या राशी मोडू न देता धूळ झटकायचं काम माझ्याकडे आलं. दिवेलागणीला गल्लीतली पोरं यायची, आरती व्हायची, खाऊ वाटला जायचा. आपल्याकडे भोंडल्याला खिरापत ओळखायला लावतात, तसं इथं नव्हतं. डबा उघडाच असायचा आणि तो थोड्याच वेळात रिकामा व्हायचा.

शनिवार-रविवार भटकंतीचे. पायऱ्या चढून चामुंडी टेकडी, वाटेत सतराव्या शतकातला एकसंध दगडातला नंदी. श्रीरंगपट्टणला टिपूचा दरिया दौलत बाग आणि भिंतीवरची पोल्लिलूरची लढाई. दसऱ्याची ही परंपरा राजा वडियार यांनी १६१० मध्ये याच श्रीरंगपट्टणात सुरू केली. म्हैसूरचा आताचा राजवाडा त्यामानानं अगदी अलीकडचा. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला, नवा १९१२ मध्ये पुरा झाला. जगनमोहन महालातल्या चित्रसंग्रहात मात्र एकदम घरचं माणूस भेटलं. हातात समई धरलेली, चेहऱ्यावर उजेड पडलेली ती सुप्रसिद्ध बाई. हे जलरंगातलं चित्र सावंतवाडीच्या स. ल. हळदणकरांचं, आणि त्यासाठी उभी राहिलेली मुलगी त्यांची लेक गीता. पुढं त्या कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून गेल्या. हे मी दोघांना सांगितलं, तेव्हा शेजारी उभं असलेलं कोणाचं तरी अख्खं कुटुंब आमच्या मागं लागून ऐकत राहिलं.

दुसरी मराठी खूण रस्त्याच्या पाटीवर. म्हैसूरचा मुख्य बाजाररस्ता सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा आहे. त्याच रस्त्यावर गुरू स्वीट मार्ट. म्हैसूर पाक पहिल्यांदा केला असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्या राजवाड्यातल्या काकासुर मादप्पांच्या वंशजांचं दुकान. पाकात बेसन शिजत असताना कडकडीत तूप थोडंथोडं ओतत राहायचं, की फेस येऊन वडीला जाळी पडते. कढईतून काढल्यावर आतली उष्णता निघत नाही म्हणून मधला भाग खमंग तांबूस होतो. प्रयोगशाळेत ज्याला आम्ही तापमानाचा आलेख म्हणायचो, तो इथं दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या डागात दिसत होता. पाठीमागच्या देवराज मार्केटात झेंडू-शेवंतीचे ढीग आणि म्हैसूर मोगऱ्याचे हातभर मोजून विकले जाणारे गजरे.

खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा म्हणतात. सुट्टी लागण्याआधीच आमच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजला हार आणि वजनकाट्याला कुंकू लागलं होतं. रस्त्यावर रिक्षा, बस, जेसीबी, सगळ्यांना केळीचे खुंट बांधलेले. कुंकू भरलेले कोहळे चौकाचौकात फुटत होते, दुचाकीवाले जीव मुठीत धरून चालवत होते.

दसऱ्याला सकाळीच सयाजीराव रस्त्यावर जागा धरली. त्याच सकाळी राजवाड्याच्या चौकात जट्टींची वज्रमुष्टी होते. डोकं भादरलेले दोन मल्ल, पहिलं रक्त दिसलं की लढत संपली. ती बघायला आम्हाला मिळणार नव्हतीच, पण शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपल्या मामांच्या डोक्यावरची खूण हातानं आखून दाखवली. दुपार टळली तसे डोळ्ळू कुणित, वीरगासे अशी लोकनृत्यं आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ येऊ लागले. मुख्यमंत्र्यांनी राजवाड्यासमोर फुलं वाहिली, एकवीस तोफा उडाल्या आणि बऱ्याच वेळानं अंबारीचा हत्ती अभिमन्यू आला. दोन्ही बाजूंना दोन हत्तिणी, पाठीवर अंबारी, अंबारीत चामुंडेश्वरी. आमच्यासमोरून जायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. जोरहाटचा मुलगा अंबारीकडे बघतच नव्हता. माहुताचा पाय हत्तीच्या कानामागं कसा बोलतो, तेवढंच तो बघत होता.

पूर्वी त्या अंबारीत महाराज बसत. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले आणि त्याच सुमारास अंबारीत देवी आली. इतका मोठा बदल होऊनही मिरवणूक मोडली नाही, याचं उत्तर मला त्या आठवड्यात मिळालं असं वाटतं. बसणारा बदलला, पण कुसुरे बांधणारा, सिंहासन जोडणारा, डोकं भादरून उतरणारा आणि वाण्यापुढं तांदूळ मांडणारी अज्जी, ही सगळी आपापल्या जागी होती. म्हैसूरचा दसरा राजाचा की सरकारचा, हा वाद तिथं चवीनं चालतो. मला तो दसरा ज्यांच्याकडे काम आहे त्यांचा वाटला.

त्यातलं काम सुखाचंच असतं असं नाही. आठ वर्षं अंबारी वाहिलेला अर्जुन हत्ती त्याच डिसेंबरात रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेत मारला गेला. बातमी आली तेव्हा मी परभणीत प्रकल्पाचा अहवाल लिहीत होते आणि आमच्या तिघांच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

आता आमच्या कॉलेजची मुलं म्हैसूरला निघाली, की मिरवणुकीचं तिकीट मिळेल का विचारतात. मी सांगते, मिळालं तर घ्या. नाही मिळालं तर रस्त्यावर बसा. पण नवरात्र बसायच्या आधीच पोचा, सकाळी हत्तींना चारा घालतात तेव्हा तिथं हजर राहा, आणि कन्नड येणारं कोणीतरी सोबत न्या.