गाडी रुसली? आधी कान द्या!

किल्ली फिरवली आणि गाडीने दाद दिली नाही, की घरातल्या प्रत्येकाला एकदम मेकॅनिकगिरी सुचू लागते. एक जण म्हणतो, "पेट्रोल संपलं असेल." दुसरा बॉनेट उघडून हाताला लागेल ती वायर हलवून बघतो. शेजारचे काका धक्का मारायला बाह्या सरसावून तयारच असतात. आणि आत बसलेला माणूस किल्ली काही सोडत नाही. तो सेल्फ मारत राहतो, मारत राहतो आणि पाच मिनिटांपूर्वी धडधाकट असलेल्या बॅटरीचाही जीव काढतो. मुलीची परीक्षा असो की मध्यरात्री आजोबांना दवाखान्यात न्यायचे असो, घाई जितकी मोठी तितका हा गोंधळ मोठा.

वास्तविक रुसलेली गाडी गप्प बसलेली नसते. आपले कुठे दुखते ते ती आवाजाने सांगत असते. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी खिडक्यांच्या काचा वर करा, रेडिओ आणि पंखा बंद करा, बाकीच्यांना दोन मिनिटे गप्प बसायला सांगा आणि फक्त एकदा किल्ली फिरवा. प्रश्न एकच आहे : इंजिन फिरते आहे की नाही? नुसत्या या उत्तराने दोषाची निम्मी शक्यता बाद होते. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, प्लग, फिल्टर यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जोमाने फिरत असेल तर बॅटरीला बोल लावू नका.

टक् की टकटकटक?

समजा, किल्ली फिरवल्यावर भराभर 'टकटकटकटक' असा आवाज आला, किंवा इंजिन 'घुर्र... घुर्र...' करत थकल्यासारखे फिरले. तर दहातल्या बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिची जोडणी सैल झालेली असते. खात्री करायची असेल तर हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभे करा आणि पुन्हा एकदा किल्ली फिरवा. दिवे मंद होत विझायला आले तर संशय पक्का. दिवे तसेच लखलखीत राहिले आणि एकच 'टक्' आवाज आला, किंवा काहीच आवाज आला नाही, तर बॅटरी बरी आहे. दोष सेल्फच्या मोटारीत, तिच्या सोलेनॉइडमध्ये, रिलेत किंवा किल्लीच्या स्विचमध्ये आहे. हे काम गॅरेजचे.

ज्यांना आकड्यांवर विश्वास ठेवायला आवडते त्यांनी एक साधा मल्टीमीटर घरात ठेवावा. तो काही फार महाग नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान हवा. तो वर चढलाच नाही, तर नवी बॅटरी आणूनही काही दिवसांत तीच रड. कारण अल्टरनेटर तिला भरतच नाही.

पैसे खर्च करण्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल मात्र नक्की बघा. त्यांवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. भुकटीवर खाण्याचा सोडा टाकून गरम पाणी ओता, जुन्या टूथब्रशने घासा, क्लॅम्प पान्याने घट्ट करा. सोडवताना आधी काळी वायर, जोडताना ती शेवटी. नव्या बॅटरीचा विचार करत असलेल्या किती गाड्या एवढ्याने मुकाट चालू होतात!

'काल तर चांगली होती' ही तक्रारही बॅटरीच्या बाबतीत फारशी खरी नसते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तापून तापून ती आतून झिजते, पण तक्रार करते ती डिसेंबर-जानेवारीत. थंडीत तिची ताकद कमी होते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून दिल्ली-इंदूरकडे राहणाऱ्यांनी तीन-चार वर्षे जुनी बॅटरी दिवाळीनंतरच तपासून घ्यावी. लडाखमध्ये तर डिझेलच गोठून मेणासारखे होते. तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले, ते त्यासाठीच.

काहीच आवाज नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी काही बारीकसारीक गोष्टीही बघून घ्या. ऑटोमॅटिक गाडीचा दांडा 'पी' किंवा 'एन'वर आहे ना? क्लच पूर्ण दाबला आहे ना? स्कूटरचा ब्रेक दाबला, लाल किल-स्विच नीट केला, साइड स्टँड वर घेतला? आणि डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल, तर गाडीने तुमची किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. बटणाने चालू होणाऱ्या गाडीच्या किल्लीतला सेल संपला असेल, तर बहुतेक गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून काम भागते.

फिरते, पण पेट घेत नाही

सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन काही पेट घेत नाही, असे असेल तर पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिघांपैकी कुणीतरी दगा दिला आहे. (डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते.) इथेही आधी कानच द्या. किल्ली फक्त 'ऑन' केल्यावर मागच्या सीटच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक 'झूंऽऽ' ऐकू येते, तो पेट्रोल पंप. तो मुका झाला असेल तर त्याचा फ्यूज आणि रिले तपासायला सांगा. काटा अर्ध्यावर असला तरी तो खोटे बोलत नाही ना, हेही बघावे. मुंबई-पुण्याच्या सीएनजीवाल्यांची गंमत तर निराळीच. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. सिलिंडर भरलेला आणि पेट्रोलची टाकी कोरडी, मग गाडी हलणार कशी?

कानानंतर नाक. भरपूर सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा भपकारा आला तर इंजिन पेट्रोलने न्हाले आहे. दहा मिनिटे थांबा. मग इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरत सेल्फ मारला, की पेट्रोल तोडले जाते आणि साचलेले बाहेर पडते. दर वेळी पाच-सात सेकंदच, आणि मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती. सेल्फची मोटार शंभराहून अधिक अँपिअर ओढते, ती उगाच जाळू नका. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघण्याचा जुना प्रकार आता विसरा. तिथे हजारो व्होल्ट असतात.

इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर आणि एकसुरी फिरू लागले तर मात्र लगेच हात आखडता घ्या. टायमिंग बेल्ट तुटल्याचा हा आवाज असू शकतो. आणखी सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह वाकतील. आणि रात्रभर उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे आपल्याकडे बघावेच लागते. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या की निम्मे निदान झाले!

जुन्या बजाज स्कूटरवर वाढलेल्या पिढीला हे सगळे नवलाचे वाटेल. स्कूटर एका बाजूला कलती करायची, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, तीन किका मारायच्या, की काम झाले. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाक्यांतला कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंजेक्शनची स्कूटर कितीही कलंडवा, तिला काही फरक पडत नाही.

धक्का मारायचाच असेल

फक्त बॅटरी उतरली आहे आणि गाडी हाताने गिअर टाकायची आहे, एवढे नक्की असेल तरच. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, म्हणून उतारावर हा प्रयोग नको. ऑटोमॅटिक गाडीवर तर मुळीच नको. त्यापेक्षा जंपर केबल बरी. लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, दुसरे लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळे चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून हा क्रम.

पाण्यात उभी राहिली असेल तर

सगळ्यात महाग चूक पावसाळ्यात होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. अशा वेळी पाणी ओसरले, सीट पुसून झाले, की पहिला हात जातो तो किल्लीकडे. तो तिथेच थांबवा. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हजारांत निभावले असते ते बिल लाखात जाते. किल्ली न फिरवता बॅटरीची काळी वायर सोडवा आणि गाडी ओढून न्या. पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले असेल तरीही हेच.

विम्याचाही इथे संबंध येतो. पाणी शिरलेले इंजिन चालू करायला जाऊन झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा 'परिणामी नुकसान' म्हणून वगळलेले असते. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' नावाचे जादा संरक्षण वेगळे घ्यावे लागते. तुमच्या पॉलिसीत ते आहे की नाही हे जूनआधीच बघून ठेवा. गाडी बुडालीच, तर हलवण्यापूर्वी पाणी कुठवर चढले होते त्या खुणेचा फोटो काढा आणि आधी विमा कंपनीला कळवा, गॅरेजला नंतर.